वास्को द गामा: जीवन, तीन सागरी सफरी आणि हजच्या वाटेवरचा फिरंगी परवाना

युरोपातून निघून, आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने थेट हिंदुस्थानात पोहोचलेला पहिला कप्तान म्हणजे वास्को द गामा. पोर्तुगालच्या या दर्यावर्दीने १४९७ ते १५२४ या काळात हिंदुस्थानच्या तीन सफरी केल्या. तिसऱ्या सफरीत कोचीला त्याचा मृत्यू झाला. शाळेत आपण सगळ्यांनीच १४९८ हे साल पाठ केलं आहे. पण 'मार्ग शोधला' एवढ्या दोन शब्दांत ही गोष्ट संपत नाही.

गामा ज्या समुद्रात शिरला, तो अरब, गुजराती, मलबारी, कोकणी आणि आफ्रिकी खलाशांच्या रोजच्या वापरातला समुद्र होता. व्यापारी त्यावरून माल नेत आणि आपले हाजी त्यावरूनच मक्केला जात. गामा आणि त्याच्या मागून आलेल्यांनी या पाण्यावर एक नवीन गोष्ट आणली. ती म्हणजे तोफेच्या धाकावर घ्यायला लावलेला परवाना. त्याची झळ किनाऱ्यापासून दूर असलेल्या आपल्या नंदुरबार-खानदेशच्या मुलखापर्यंत कशी पोहोचली, तेही या लेखात पाहू.

गामाच्या आधीचा समुद्र

नंदुरबारला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारी वाट मात्र होती. बुऱ्हाणपूरहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, नवापूरमार्गे सूरतला जाणारा रस्ता ही जुनी व्यापारी वाट. आजची भुसावळ-सूरत रेल्वेही साधारण त्याच पट्ट्यातून धावते.

मोरोक्कोचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादहून नंदुरबारला आला होता. दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला होता. नंदुरबारात मराठा लोकांची वस्ती असल्याचं आणि ते कारागिरीत, वैद्यकीत हुशार असल्याचं त्याने नोंदवलं आहे. नंदुरबारहून पुढे तो खंबायत आणि गंधार बंदराकडे गेला. तिथून जहाजाने गोवा, होन्नावर करत तो कालिकतला पोहोचला. होन्नावरला मुलींसाठी १३ आणि मुलांसाठी २३ मदरसे पाहिल्याचंही तो सांगतो. कालिकतच्या बंदरात त्याने चिनी जहाजं नांगर टाकून उभी असलेली पाहिली.

म्हणजे नंदुरबारहून गेलेला माणूस कालिकतला पोहोचला, तो गामाच्या दीडशे वर्षं आधी. तेव्हाही कालिकतला पोहोचणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

हा सगळा प्रवास वाऱ्यांच्या हिशेबाने चालायचा. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटला की जहाजं इकडून अरबस्तान आणि आफ्रिकेकडे निघत. नैऋत्येचा वारा सुटला की परत येत. भर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असे, तेव्हा बंदरं बंद राहत. आपण मराठीत 'मोसम' आणि 'मोसमी वारे' म्हणतो, तो शब्द मुळात अरबी 'मौसिम'. युरोपातल्या भाषांनीही मान्सूनसाठी हाच शब्द उचलला.

घराणं आणि पोर्तुगालची तयारी

वास्को द गामाचा जन्म १४६० च्या दशकात पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या सिनेश या छोट्या बंदरगावात झाला. वडील एश्तेवाँ द गामा हे सरदार होते. त्याच्या तरुणपणापर्यंत पोर्तुगालची जहाजं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने बरीच खाली उतरली होती.

पोर्तुगालला हवा होता मसाला, आणि त्यातही काळी मिरी. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून कैरो-अलेक्झांड्रियाला जायची. तिथून व्हेनिसचे व्यापारी ती युरोपभर विकायचे. या साखळीत मिसरच्या ममलूक सुलतानांना जकात मिळायची. पोर्तुगालला ही साखळी तोडून माल थेट उचलायचा होता. शिवाय मुसलमान सत्तांविरुद्धच्या लढाईत पूर्वेकडचे ख्रिस्ती राजे आपल्याला साथ देतील, अशीही त्यांची कल्पना होती. व्यापार आणि धर्मयुद्ध या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात पहिल्यापासून एकत्र होत्या.

१४८७ मध्ये राजा दुसरा जॉन याने पेरू द कोव्हिल्याँ नावाच्या हेराला जमिनीच्या वाटेने पूर्वेकडे पाठवलं. तो अरबी जाणणारा होता. त्याने कालिकत, गोवा आणि होर्मुझ पाहून घेतलं. पुढच्याच वर्षी, १४८८ मध्ये, बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परतला. आता दोन्ही टोकं जोडायची तेवढी बाकी होती. ते काम राजा मॅन्युएल याने गामाला दिलं.

पहिली सफर (१४९७-१४९९)

८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून चार जहाजं निघाली. गामा स्वतः 'साँ गाब्रिएल'वर होता. 'साँ राफाएल'वर त्याचा भाऊ पावलो होता. तिसरं जहाज 'बेरिओ' आणि चौथं शिधासामानाचं. खलाशी आणि शिपाई मिळून दीडशेच्या वर माणसं होती.

आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत सरकत राहण्याऐवजी गामाने अटलांटिक महासागरात खूप आत शिरून मोठा वळसा घेतला आणि वारा पकडून तो खाली आला. जवळपास तीन महिने त्यांना जमीन दिसली नाही. नाविक म्हणून त्याचं खरं कौशल्य इथे दिसतं. नोव्हेंबर १४९७ मध्ये त्याने केप ऑफ गुड होप ओलांडलं.

मार्च १४९८ मध्ये तो मोझांबिकला पोहोचला. तिथली वस्ती मुसलमान होती, बोली स्वाहिली आणि लिखापढी अरबी. तिथल्या खलाशांजवळ होकायंत्रं आणि समुद्राचे नकाशे पाहून पोर्तुगीजांना आश्चर्य वाटलं. सुरुवातीला हे पाहुणे कोण, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ओळख पटल्यावर तणाव वाढला आणि गामाने तोफा डागल्या. मोंबासालाही बिनसलं. मालिंदीच्या सुलतानाचं मोंबासाशी वैर होतं, म्हणून त्याने मात्र गामाचं स्वागत केलं आणि त्याला समुद्र ओलांडून नेणारा वाटाड्या दिला.

२४ एप्रिलला मालिंदी सोडलं. साधारण २३ दिवसांत मलबारचे डोंगर दिसले. २० मे १४९८ रोजी गामाची जहाजं कालिकतजवळ कप्पडला पोहोचली. हिजरी हिशेबाने ते ९०३ सालच्या रमजानचे शेवटचे दिवस होते. कालिकतच्या मुस्लीम मोहल्ल्यांत ईदची तयारी चालू असणार, तेव्हाच ही अनोळखी जहाजं किनाऱ्याला लागली.

वाटाड्या कोण होता?

'गामाला हिंदुस्थानची वाट इब्न माजिदने दाखवली' हे वाक्य आपल्याकडे भाषणांत आणि व्हॉट्सॲपवर नेहमी ऐकायला मिळतं. शिहाबुद्दीन अहमद इब्न माजिद हा त्या काळातला सर्वांत मोठा अरब नाविक. आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा तो. नौकानयनावरचा त्याचा 'किताब अल-फवाइद' हा ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

पण गामाचा वाटाड्या तोच होता, याला भक्कम पुरावा नाही. ही गोष्ट मक्केचे इतिहासकार कुतबुद्दीन नहरवाली यांच्या ग्रंथातून पुढे आली. तो ग्रंथ घटनेनंतर बऱ्याच दशकांनी लिहिलेला आहे. पोर्तुगीज बखरकार त्या वाटाड्याला गुजराती म्हणतात आणि 'मालेमो काना' असं काहीसं नाव देतात. 'मालेमो' म्हणजे अरबी 'मुअल्लिम', जहाजावरचा जाणता मार्गदर्शक. म्हणजे ते नावापेक्षा हुद्दा म्हणूनच जास्त जुळतं. इब्न माजिद तेव्हा वयाने बराच झालेला होता. नंतरच्या लिखाणात त्याने फिरंग्यांबद्दल नाराजीच व्यक्त केली आहे. म्हणून आजचे बहुतेक अभ्यासक तो वाटाड्या गुजरातचा एखादा मुअल्लिम असावा, असं मानतात.

नाव कुणाचंही असो, शेवटचा सर्वांत मोठा टप्पा गामाने इथल्याच समुद्राच्या जाणकाराच्या मदतीने पार केला, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

कालिकतचा दरबार

गामाने आधी स्वतः उतरण्याऐवजी एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर पाठवलं. त्याची गाठ पडली ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांशी. त्यांना स्पेनची भाषा येत होती. तुम्ही इतक्या लांब कशाला आलात, असं त्यांनी चकित होऊन विचारलं. ख्रिस्ती लोक आणि मसाला शोधायला आलो, असं उत्तर मिळालं. पोर्तुगीज ज्याला 'शोध' म्हणतात, त्याची सुरुवात अशी ओळखीच्या भाषेत झाली.

कालिकतचा राजा सामूतिरी, म्हणजे पोर्तुगीजांचा 'झामोरिन', हिंदू होता. त्याच्या बंदराचा व्यापार बराचसा मुसलमानांच्या हाती होता. त्यात बाहेरून आलेले अरब होते आणि इथलेच मापिला मुसलमानही होते. दरबाराकडे जाताना वाटेतलं देऊळ पाहून पोर्तुगीजांना ते चर्चच वाटलं आणि त्यांनी तिथे प्रार्थना केली.

नजराण्याच्या वेळी मात्र फजिती झाली. गामाने काढलेल्या वस्तू म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं कापड, काही टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध. राजाचे कारभारी हसले. मक्केहून येणारा साधा व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो, असं त्यांनी सुनावलं. बंदराच्या रिवाजाप्रमाणे जकात मागितली तेव्हा कुरबुरी वाढल्या. २९ ऑगस्टला गामा निघाला, तो काही स्थानिक माणसांना जबरदस्तीने जहाजावर घेऊनच.

परतताना तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला. तिथून त्याने मोसमाची वाट न पाहता समुद्र ओलांडायला घेतला. जाताना जे अंतर २३ दिवसांत कापलं, त्याला येताना जवळपास तीन महिने लागले. ताजं अन्न नसल्याने हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग, म्हणजे स्कर्व्ही, पसरला आणि सुमारे तीस माणसं दगावली. जहाज चालवायला हात उरले नाहीत, म्हणून 'साँ राफाएल' जाळून टाकावं लागलं. भाऊ पावलो वाटेत अझोरेश बेटांवर मरण पावला. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसं १४९९ मध्ये लिस्बनला परतली.

राजाने गामाला मानाचे किताब दिले. स्वतःला त्याने अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थानच्या जलप्रवासाचा आणि व्यापाराचा धनी म्हणवून घ्यायला सुरुवात केली. ज्या समुद्रावर तोवर कुणा एकाची मालकी नव्हती, त्याला एका रात्रीत मालक मिळाला, निदान कागदावर.

दुसरी सफर (१५०२-१५०३): हाजींचं जहाज

मधल्या काळात पेद्रो आल्वारेश काब्राल १३ जहाजं घेऊन निघाला होता. १५०० मध्ये कालिकतला व्यापाराच्या भांडणातून दंगल झाली आणि पन्नासच्या आसपास पोर्तुगीज मारले गेले. काब्रालने बंदरातली जहाजं जाळली आणि शहरावर तोफा डागल्या. पुढचा सूड घ्यायला १५०२ मध्ये गामा निघाला. यावेळी त्याच्याकडे वीस जहाजं होती.

सप्टेंबरच्या अखेरीस तो कण्णूरच्या उत्तरेला, एळिमला डोंगराजवळ दबा धरून थांबला. त्या वर्षीची हज यात्रा जून महिन्यात झाली होती. पावसाळा सरला की हाजींची जहाजं परतणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मक्केकडून येणारं एक मोठं जहाज त्याच्या तावडीत सापडलं. पोर्तुगीज नोंदींत त्याचं नाव 'मेरी' असं येतं. त्यावर कालिकतचे श्रीमंत व्यापारी होते. त्यांच्याबरोबर हजहून परतणारी शेकडो माणसं होती, बायका आणि मुलंही होती.

पुढे काय झालं, ते ताफ्यातल्याच तोमे लोपेश या पोर्तुगीज लेखनिकाने लिहून ठेवलं आहे. म्हणून हे कुणा शत्रूने रचलेलं म्हणता येत नाही. जहाजावरच्या प्रमुख व्यापाऱ्याने मोठी खंडणी देऊ केली. गामाने ती नाकारली. माल लुटून, शस्त्रं काढून घेऊन त्याने जहाजाला आग लावायला सांगितलं. प्रवाशांनी आग विझवली आणि हाताला लागेल ते घेऊन ते लढले. बायका अंगावरचे दागिने आणि कडेवरची तान्ही बाळं वर उचलून दाखवत दयेची याचना करत होत्या. गामा आपल्या जहाजातून पाहत राहिला. काही दिवस हे चाललं आणि शेवटी ऑक्टोबर १५०२ च्या सुरुवातीला ते जहाज माणसांसकट जाळण्यात आलं. वीसएक मुलं तेवढी काढून घेतली गेली, तीही ख्रिस्ती करण्यासाठी.

हजहून परतणाऱ्याला आपण अल्लाहच्या घरचा पाहुणा मानतो. घरची माणसं त्याला घ्यायला वेशीपर्यंत जातात. कालिकतच्या किनाऱ्यावर त्या वर्षी शेकडो घरं अशीच वाट पाहत राहिली.

झामोरिनचं उत्तर

यानंतर गामा कालिकतसमोर आला. मैत्री हवी असेल तर शहरातल्या सगळ्या मुसलमानांना हाकलून द्या, अशी त्याची मागणी होती. झामोरिनने ती मान्य केली नाही. ही हजारो घरं आपल्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांना आपण घालवणार नाही, अशी त्याची भूमिका होती. या नकाराची किंमत शहराने मोजली. गामाने पकडलेल्या कोळ्यांना आणि खलाशांना फासावर दिलं, त्यांचे हातपाय तोडले आणि कालिकतवर तोफांचा मारा केला. त्यात मरणाऱ्यांचा धर्म तोफांनी विचारला नाही.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोन्नानीचे आलिम शेख जैनुद्दीन मखदूम यांनी अरबीत 'तुहफतुल मुजाहिदीन' हा ग्रंथ लिहिला आणि तो विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. फिरंग्यांच्या जुलमाबरोबरच मलबारच्या हिंदू राजांनी मुसलमानांना दिलेला मानही त्यांनी आवर्जून नोंदवला आहे. झामोरिनच्या आरमाराचं नेतृत्व पुढे कुंजाली मरक्कार या मुस्लीम घराण्याकडे आलं आणि त्यांनी अनेक दशकं पोर्तुगीजांना झुंजवलं.

चित्र सगळीकडे असंच सरळ नव्हतं, हेही सांगायला हवं. कोची आणि कण्णूरच्या राजांनी झामोरिनशी असलेल्या वैरापोटी पोर्तुगीजांना हात दिला. गोवा घेताना होन्नावरच्या तिमय्याने त्यांना मदत केली. मुसलमान सुलतानांनीही वेळ पाहून त्यांच्याशी तह केले. खुद्द शेवटच्या मोठ्या कुंजालीविरुद्ध झामोरिन आणि पोर्तुगीज एक झाले आणि १६०० मध्ये गोव्यात त्याला ठार करण्यात आलं. आपसातली फूट हीच फिरंग्यांची खरी शिडी होती.

चौल, दाभोळ आणि गोवा

गामाने उघडलेल्या वाटेने पोर्तुगीज आता दरवर्षी येऊ लागले आणि महाराष्ट्राचा किनाराही पेटला. तेव्हा नंदुरबार-सुलतानपूरचा पट्टा गुजरातच्या सल्तनतीत होता आणि गादीवर महमूद बेगडा होता. दीवचा कारभारी मलिक अयाज त्याचा सरदार. मार्च १५०८ मध्ये मिसरच्या ममलूकांचं आरमार आणि मलिक अयाजची जहाजं यांनी मिळून चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला.

त्याचा बदला डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळवर निघाला. आदिलशाहीचं हे भरभराटीचं बंदर, हाजींच्याही येण्याजाण्याचं. आल्मेदाने ते जाळलं आणि बायका-मुलांसह माणसं कापली. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवजवळ त्याने एकत्रित आरमाराचा पराभव केला. नोव्हेंबर १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. ती त्याने स्वतःच राजाला पत्र लिहून कळवली.

तिसरी सफर आणि मृत्यू (१५२४)

१५०३ नंतर गामा वीस वर्षं पोर्तुगालमध्येच राहिला. १५१९ मध्ये त्याला व्हिदिगेराचा काउंट करण्यात आलं. हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांची लाचखोरी फार वाढली, तेव्हा राजा तिसरा जॉन याने त्याला व्हाइसरॉय म्हणून धाडलं.

सप्टेंबर १५२४ मध्ये त्याचा ताफा दाभोळच्या समोर असताना वारा नसतानाही समुद्र अचानक हादरू लागला. तो समुद्राखालचा भूकंप होता. समुद्रच आपल्याला घाबरून थरथरतोय, असं सांगून गामाने खलाशांना धीर दिल्याचं पोर्तुगीज बखरकार लिहितात. त्यानंतर तो चौलला उतरला. तिथे निजामशहाच्या परवानगीने १५२१ पासून पोर्तुगीजांची गढी उभी राहत होती. चौलहून तो गोव्याला आणि मग कोचीला गेला. तिथे आजारी पडून २४ डिसेंबर १५२४ रोजी तो वारला. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं. काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. आज त्याची कबर लिस्बनच्या जेरोनिमोस मठात आहे. कोचीच्या चर्चमध्ये ती मूळ जागा अजून दाखवतात.

'कार्ताझ' आणि हजची वाट

गामा गेला, पण त्याच्या काळात सुरू झालेली परवान्याची पद्धत उरली. या परवान्याला पोर्तुगीज 'कार्ताझ' म्हणत. जहाज कुणाचं, कप्तान कोण, माणसं आणि हत्यारं किती, कुठून कुठे जाणार, हे सगळं त्यावर लिहिलेलं असे. मिरीसारखा ठरावीक माल नेण्याची बंदी असे आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. परवाना नसेल तर जहाज जप्त.

हाजींनाही यातून सूट नव्हती. तापीच्या मुखावरचं सूरत हे 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा. खानदेश आणि बुऱ्हाणपूरकडच्या हाजींची वाट नंदुरबारवरूनच सूरतला जायची. पण दरवाजा आपला आणि किल्ली फिरंग्याकडे, अशी गत झाली. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७६ मध्ये सूरतहून हजला निघाली. बादशहा अकबराची आत्या असूनही तिला परवान्यासाठी खोळंबून राहावं लागलं.

या परवान्यांवर मरियम आणि ईसा यांची चित्रं असत. त्या काळातले मोठे आलिम मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी अशा परवान्यामुळे आणि वाटेतल्या धोक्यामुळे हज फर्ज राहत नाही असा फतवा दिल्याचं इतिहासकार बदायुनी नोंदवतो. तरीही लोक जातच राहिले.

परवाना घेऊनही खात्री नसे. १६१३ मध्ये जहांगीरच्या आई मरियम-उज-जमानी यांचं 'रहिमी' हे हाजींना नेणारं मोठं जहाज परवाना असतानाही पोर्तुगीजांनी पकडलं. चिडलेल्या जहांगीरने दमणला वेढा घालायला फौज पाठवली.

दाभोळच्या शाही मशिदीबद्दलही अशीच आख्यायिका सांगतात. विजापूरची शाहजादी हजला जायला दाभोळला आली, पण समुद्रावरच्या धोक्यामुळे तिला जाता आलं नाही. मग त्या पैशातून मशीद उभी राहिली, असं म्हणतात.

सूरतमध्ये १६४४ साली बांधलेल्या मुघलसरायमध्ये हाजी उतरत. आज त्या इमारतीत सूरत महानगरपालिकेचं कार्यालय आहे. हजची जहाजं तर अगदी १९९५ पर्यंत मुंबईहून सुटत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून ती आठवतात.

गामाची मिरी आणि नंदुरबारची मिरची

गामा काळ्या मिरीसाठी आला. त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीज जहाजांनी अमेरिकेतून एक वेगळंच तिखट इथे आणलं, ते म्हणजे लाल मिरची. तिखट म्हणून मिरीवरूनच तिचं नाव 'मिरची' पडलं. आज नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी ओळखली जाते. हिवाळ्यात शहराबाहेर पथाऱ्यांवर वाळत पडलेली लाल मिरची लांबूनही दिसते. तिच्यावर इथल्या शेकडो मजूर घरांची चूल चालते. बटाटा, तंबाखू, अननस, काजू ही पिकंही अशीच आली. पाव, चावी, पगार, इस्त्री हे आपल्या तोंडातले शब्दही पोर्तुगीजच.

थोडक्यात सनावळी

१४६० चं दशक: सिनेश येथे जन्म.
१४९७-१४९९: पहिली सफर, २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ आगमन.
१५०२-१५०३: दुसरी सफर, हाजींचं जहाज जाळलं, कालिकतवर तोफा.
१५१९: व्हिदिगेराचा काउंट.
१५२४: तिसरी सफर, चौल, गोवा, कोची, २४ डिसेंबरला मृत्यू.

मुलांना काय सांगायचं?

गामा धाडसी नाविक होता, यात वाद नाही. महिनोन्‌महिने जमीन न पाहता जहाज हाकणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. त्याने युरोपसाठी एक नवीन वाट जोडली, हेही खरं. पण हिंदुस्थान हरवलेला नव्हता आणि तिथे जाणारा समुद्रही कुणाला अनोळखी नव्हता. त्याच गामाने निःशस्त्र हाजींचं जहाज जाळलं, ही नोंद त्याच्याच माणसाने केलेली आहे. मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

आणि त्याचबरोबर झामोरिनचं उत्तरही सांगावं. पाचशे वर्षांपूर्वी एका परक्या सत्तेने एका हिंदू राजाकडे त्याची मुसलमान प्रजा शहराबाहेर काढायची मागणी केली होती आणि तोफा समोर रोखलेल्या असताना त्याने नकार दिला होता. चुलीवर पडणाऱ्या मिरचीच्या फोडणीइतकाच हा इतिहासही आपला आहे.